अमेरिकेचा पश्चिमविस्तार आणि समाजरचना

१७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपर्यंत नेली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतल्याने देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले. १८४५ मध्ये टेक्सस सामील झाले, १८४६ च्या करारात ऑरेगनचा दक्षिण भाग मिळाला आणि मेक्सिकोचा पराभव करून १८४८ मध्ये कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश घेतला. मिळालेली जमीन कोणाला द्यायची, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहिला आणि त्याच्या उत्तरांतूनच या नव्या राष्ट्राचा समाज घडला.

सुरुवातीचे उत्तर बऱ्याच अंशी उदार होते. १७८५ च्या कायद्याने सरकारी जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजायचे ठरले. प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे ३६ भाग पाडले जात आणि सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवला जाई. मध्य-पश्चिमेतले रस्ते आणि शेतांच्या हद्दी विमानातून पाहिल्या तर आजही याच मापात आखलेल्या दिसतात. १७८७ च्या दुसऱ्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी केली आणि साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की तो प्रदेश जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघराज्यात येईल, अशी हमी दिली. नव्या मुलखाला कायमची वसाहत न ठेवण्याचा हा निर्णय त्या काळी फार पुढचा होता. पश्चिमेकडच्या बहुतेक नव्या राज्यांनी मताधिकारासाठी मालमत्तेची अट ठेवली नाही आणि पुढे जुन्या राज्यांनीही ती सोडली. हा हक्क मात्र गोऱ्या पुरुषांपुरता होता. १८२१ च्या न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट कायम राहिली.

या जमिनीवर आधीपासून लोक राहत होते. जॉर्जिया राज्यातील चेरोकी या आदिवासी जमातीकडे तिच्यातल्याच सेक्वोयाने तयार केलेली लिपी होती, १८२७ ची लिखित घटना होती आणि १८२८ पासून स्वतःचे वृत्तपत्रही होते. शेती करा, शिका, ‘सुधारा’ असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्यांनी ते करून दाखवले होते. तरीही आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्यासाठी केलेल्या १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर, चेरोकी आपल्या घरांत राहत असतानाच, जॉर्जियाने त्यांची जमीन सोडत काढून गोऱ्या नागरिकांना वाटली: साधे तुकडे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत असा निकाल दिला, पण त्याचा उपयोग झाला नाही. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार माणसांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. त्यांपैकी सुमारे चार हजार मेली, असा अंदाज आहे.

दक्षिणेत रिकाम्या केलेल्या मुलखात कापूस आला. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे (१७९३) आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर ठरला होता. त्यासाठी व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे गृहयुद्धापूर्वी सुमारे दहा लाख गुलाम नेले गेले. यात नवरा-बायको, आई-मुले यांची ताटातूट होणे रोजचेच होते. गुलामांची संख्या १७९० मध्ये सुमारे सात लाख होती, ती १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात गेली. नव्या राज्यांत गुलामगिरी असावी की नाही, यावर १८२० आणि १८५० मध्ये तडजोडी झाल्या. १८५४ नंतर याच वादातून कॅन्ससमध्ये रक्त सांडले आणि १८६१ मध्ये उत्तर व दक्षिणेत गृहयुद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस थांबताच मुंबईच्या बाजारात भाव भडकले, वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या.

युद्ध चालू असतानाच, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट देऊ केली. युरोपातून आलेल्या लाखो गरिबांना त्याने मालकी मिळवून दिली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी थोड्यांनाच या कायद्याचा लाभ झाला. सिएरा नेवाडा पर्वतातून लोहमार्ग खोदणाऱ्या हजारो चिनी मजुरांच्या देशातून येणाऱ्या नव्या मजुरांना १८८२ च्या कायद्याने प्रवेशच बंद केला. १८८७ च्या डॉज कायद्याने आदिवासींच्या सामाईक जमिनींची खासगी तुकड्यांत वाटणी सुरू झाली. उरलेली जमीन विक्रीला निघाली आणि १९३४ पर्यंत त्यांच्या हातातली जमीन सुमारे १३.८ कोटी एकरांवरून ४.८ कोटी एकरांवर आली.