अल्पखर्ची गेमिंग संगणकासाठी एसएमपीएसची निवड (ग्रामीण विदर्भ)

घरातील २३० व्होल्ट एसी विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसीत रूपांतर करणाऱ्या पेटीला दुकानात एसएमपीएस म्हणतात. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारेवरून घेतात. स्वस्त गेमिंग संगणक जुळवताना बजेट प्रोसेसर-कार्डावर संपते आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येतो. विदर्भाच्या खेड्यात हीच बचत सर्वांत महाग पडते.

किती वॅटचा घ्यावा, हा प्रश्न खरे तर सोपा आहे. कोअर आय३-१२१००एफ प्रोसेसर जोरात असताना ८९ वॅट घेतो, आरएक्स ६६०० कार्डाचे रेटिंग १३२ वॅट आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे मिळून ५० धरले तरी बेरीज २७१ भरते. कार्ड क्षणभर याहून जास्त खेचते, ते गृहीत धरूनही खरा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. अडचण ‘खरा’ या शब्दात आहे. पेटीवर मोठ्या अक्षरात ४५० छापलेले असते, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर असेल तर कामाची वीज १२ × १६ म्हणजे १९२ वॅटच. म्हणून मोठा आकडा सोडून तक्ता वाचावा. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची तार मुळातूनच आलेली हवी. ही जोडणी १५० वॅटसाठी असते. एका मोलेक्सवर (जुन्या धाटणीच्या ४ पिनच्या प्लगवर) कन्व्हर्टर लावून तेवढी वीज ओढली की प्लग वितळण्याची भीती असते.

‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमता सांगते. त्यातल्या ब्रॉन्झ दर्जाला ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे संगणकाला ३०० वॅट देताना भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढले जातात. वीजबिलात त्याने फार फरक पडत नाही. आतला माल बरा असल्याचे ते एक लक्षण, इतकेच.

विदर्भात निवड ठरते ती लाईनवरून. चंद्रपूर आणि कोराडीसारखी मोठी औष्णिक केंद्रे याच प्रदेशात आहेत, तरी तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात दिवा पिवळा पडतो. जिथे गावठाण आणि शेती एकाच फीडरवर आहेत, तिथे थ्री फेज आला की शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि लाईन डिम होते. साध्या एसएमपीएसमध्ये आतला मोठा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) लाईनच्या शिखर व्होल्टेजपर्यंत भरतो: २३० व्होल्टला सुमारे ३२५, तर १८० व्होल्टला जेमतेम २५४. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास ४० टक्क्यांनी घटते. मग लाईनने पापणी लवेपर्यंतचा झटका दिला तरी संगणक रिस्टार्ट होतो. ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असलेला एसएमपीएस आधी व्होल्टेज वाढवून घेतो आणि लाईन १७० असो वा २४०, कपॅसिटर सुमारे ३८० व्होल्टवरच ठेवतो. अशा पेटीवर इनपुट बहुधा ‘१००–२४०’ लिहिलेले असते. ‘२००–२४०’ लिहिलेली पेटी डिम लाईनच्या गावात घेऊच नये. स्टॅबिलायझरचा वेगळा खर्च मागे लागतो.

इन्व्हर्टरशी जुळते का, हेही पाहावे लागते. घरगुती इन्व्हर्टरवरील यूपीएस मोडमध्ये लाईनवरून बॅटरीवर होणारा बदल १० मिलिसेकंदांच्या आसपास होतो, नॉर्मल मोडमध्ये त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावरही पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो, म्हणून बटण यूपीएसवर ठेवावे. ॲक्टिव्ह पीएफसीची काही युनिटे चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गुरगुरतात किंवा बंद पडतात. नवा इन्व्हर्टर घ्यायचा झाल्यास साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी गोलसर लहर देणारा घ्यावा.

उन्हाळा हा दुसरा परीक्षक. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपुढे जातो, टिनाच्या खोलीत त्याहून अधिक. काही पेट्यांवरचा वॅटचा आकडा २५ अंश तापमानाला धरलेला, काहींचा ४० किंवा ५० अंशांना धरलेला असतो. इथे शेवटचेच कामाचे. कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत, कारण ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवण्याची सवय मात्र वाईट: ओलसर हवा आणि सरकीची धूळ मिळून आत लेप बसतो. सारवलेल्या जमिनीवर ठेवण्याऐवजी पाटावर ठेवावे.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, याचा दोष पुष्कळदा एसएमपीएसला दिला जातो. तो दोष घराच्या वायरिंगचा असतो. अर्थिंग नसेल तर फिल्टरमधील कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर जवळपास ११५ व्होल्ट, पण अगदी क्षीण प्रवाह, उभा राहतो. टू-पिन प्लगने काम चालवू नये. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावे लागते. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या जवळ येऊ शकतात, आणि ते कोणताही एसएमपीएस सोसत नाही; त्यासाठी मेन बोर्डात जादा व्होल्टेजला लाईन तोडणारे यंत्र बसवतात.

खरेदी नागपूर, अमरावती, अकोल्यातून किंवा ऑनलाइन होते. वॉरंटी ३ वर्षांची तरी असावी आणि बदलून देणारे केंद्र एसटीने एका दिवसात जाऊन-येऊन होईल अशा शहरात असावे. जुने ग्राफिक्स कार्ड घेणे एकवेळ परवडते, जुना एसएमपीएस घेऊ नये. कपॅसिटर किती झिजले हे बाहेरून दिसत नाही. अवकाळीच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार, दोन्ही काढून ठेवावीत.