जनुक अभियांत्रिकीची वाट टिश्यू कल्चरमधून का जाते?

वनस्पतींच्या जनुक अभियांत्रिकीवर पीएचडी करायला आलेल्या विद्यार्थ्याचा सुरुवातीचा बराच काळ भलत्याच कामात जातो: टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे झाडाचे तुकडे किंवा पेशी बाटलीत वाढवण्यात. एमएस मीडिया, म्हणजे पेशींना लागणारे पोषक माध्यम, करायचा, पीएच ५.८ वर आणायचा, बाटल्या ऑटोक्लेव्ह करायच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या), लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसून कॅलस (अजून मूळ-कोंब न फुटलेला पेशींचा गोळा) नव्या मीडियावर हलवायचा. जनुक कधी हाती येणार, असे वाटत राहते. हा क्रम कसा पडला, ते इतिहास पाहिला की कळते.

१९०२ मध्ये गॉटलीब हाबरलांट यांनी झाडाच्या सुट्या पेशी वाढवून पाहिल्या. एका पेशीतून अख्खी वनस्पती घडू शकेल, हा त्यांचा विचार. पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. विभाजन घडवणारी संप्रेरके तेव्हा माहीतच नव्हती. १९५५ मध्ये कायनेटिन हे सायटोकायनिन गटातले, पेशींना विभागायला लावणारे द्रव्य सापडले आणि १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवून दिले, की ऑक्झिन हे दुसऱ्या गटातले संप्रेरक वरचढ असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब, आणि दोन्हींचा तोल साधला तर नुसता कॅलस वाढतो. माझ्या लेखी या साऱ्या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा शोध. मुराशिगे आणि स्कूग यांचा मीडिया, म्हणजेच एमएस, १९६२चा. दोनच वर्षांनी दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांतून भ्रूण मिळवले. याचा अभिमान आपल्याकडे पुरेसा बाळगला जात नाही.

जनुकाची बाजू नंतर जुळली. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, हे १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये परकी जनुके तंबाखूत उतरली. पण जनुक शिरते ते एकेका पेशीत. हव्या जनुकासोबत कॅनामायसिन या प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुकही घातलेले असते; म्हणून जिवाणूच्या द्रावात बुडवलेले पानाचे तुकडे कॅनामायसिनवर ठेवले की बहुतेक भाग पांढरा पडतो, कापलेल्या कडेला कुठे एखादा हिरवा ठिपका तग धरतो. त्या ठिपक्यातून कोंब फुटला नाही, तर आधीची सारी मेहनत वाया.

तंबाखूत तो सहज फुटतो. इतर अनेक पिकांत मात्र गाडे इथेच अडते. एका वाणाला मानवलेला मीडिया त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणाला चालेलच असे नाही. म्हणून २०१६ मध्ये मक्यावर झालेले काम मला फार महत्त्वाचे वाटते: ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल’ ही भ्रूण घडवणारी जनुके सोबत घातल्यावर, एरवी दाद न देणाऱ्या वाणांतूनही रोपे मिळाली.