खाली उतरल्यानंतरची नोकरी

सोलापूरच्या एखाद्या शाळेत अंतराळावर बोलायला गेलं, की रॉकेट, ग्रह, कृष्णविवर सगळं उरकल्यावर मागच्या बाकावरून अंतराळवीरांबद्दल हमखास प्रश्न येतो, "सर, खाली आल्यावर मग काय करतेत ओ ते?" या शहरात हा प्रश्न साहजिकच आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी... गिरणी बंद पडल्यावर भर उमेदीत घरी बसलेले आणि मग दुसरा धंदा शोधणारे आजोबा इथे गल्लोगल्ली सापडतील. अंतराळवीरही बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतच मोकळा होतो. मात्र तो आधीपासून वैमानिक, भूगर्भशास्त्रज्ञ, डॉक्टर असा कुणीतरी असतो आणि पुढे बहुधा तीच विद्या कामाला येते.

राकेश शर्मांचंच बघा. एप्रिल 1984 मध्ये ते सोयूझ टी-11 मधून सॅल्यूत 7 या स्थानकावर गेले, जेमतेम आठ दिवस राहिले. इंदिरा गांधींना त्यांनी दिलेलं उत्तर आपल्याला पाठ आहे. पण 1987 मध्ये हवाई दल सोडून ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये गेले, नाशिकजवळच्या ओझरला मुख्य चाचणी वैमानिक झाले आणि 1992 नंतर तेच काम बंगळुरूला करू लागले, हे किती जणांना ठाऊक असतं? कारखान्यातून बाहेर पडलेलं लढाऊ विमान ताफ्यात जाण्याआधी कुणीतरी उडवून बघावं लागतं. इंजिन मुद्दाम बंद करून हवेतच पुन्हा चालू होतं का, वेग कमी करत नेला तर विमान कुठल्या क्षणी कोसळू लागतं, हे मोजायचं आणि खाली येऊन अभियंत्यांना नेमक्या शब्दांत सांगायचं. त्यात टाळ्या नाहीत, जोखीम मात्र रोजची. माझ्या मते त्या आठ दिवसांपेक्षा ही वर्षं मोठी आहेत. त्यांची मुलाखत घेणारे सहसा ओझरपर्यंत पोचतच नाहीत, याची थोडी चीड येते.

दुसरं नाव कॅथरीन सुलिवन यांचं. 1984 मध्ये अंतराळात यानाबाहेर पडून काम करणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी महिला. मूळ अभ्यास समुद्रतळाच्या भूगर्भाचा. नासा सोडल्यावर हवामान आणि समुद्राचं काम पाहणाऱ्या 'नोआ' या सरकारी संस्थेत त्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या आणि 2014 ते 2017 या काळात तिच्या प्रमुख. हवामानाचे उपग्रह चालवणारी ही संस्था. आपण पर्जन्यछायेत राहणारी माणसं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापूर निवडलं ते उगाच नाही. ढगांवर वरून नजर ठेवण्याचं मोल इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पुढे 2020 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, या बाई पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास 11 किलोमीटर खोल जाऊन आल्या!

सगळ्यांचंच असं छान जमलं नाही. नील आर्मस्ट्राँग सिनसिनाटी विद्यापीठात शिकवू लागले. बझ ऑल्ड्रिन मात्र चंद्रावरून परतल्यावर नैराश्य आणि दारूत अडकले, काही काळ मोटारी विकत होते. चंद्रावर चालून आलेले अॅलन बीन यांनी 1981 मध्ये नोकरी सोडून कुंचला धरला. चंद्रावर वापरलेला हातोडा ते चित्राच्या ओल्या थरावर ठोकायचे आणि पोशाखावरच्या बिल्ल्यांना चिकटलेली चांद्रधूळ रंगात मिसळायचे.

नोकरी सुटली तरी शरीराची तपासणी सुटत नाही. वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडं दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्का झिजतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 पैकी 9 अंतराळवीरांची नडगी परतल्यावर वर्षभरानेही पुरती भरून आलेली नव्हती. शिवाय किरणोत्सर्ग. तो मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात; पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. नासाने एका अंतराळवीराच्या अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा 600 ठेवली आहे. याचे परिणाम दिसायला दशकं लागू शकतात, म्हणून नासा निवृत्तांच्याही प्रकृतीची नोंद ठेवते. स्कॉट केली 340 दिवस अंतराळात होते, तेव्हा तुलनेसाठी पृथ्वीवर होता त्यांचा जुळा भाऊ मार्क, जो 2011 मध्येच नासातून निवृत्त झाला होता. गुणसूत्रांच्या टोकांवरची टोपणं, म्हणजे टेलोमिअर, स्कॉटच्या बाबतीत वर असताना चक्क लांबली आणि परतल्यावर झपाट्याने आखूड झाली. भाऊ तपासायला हाताशी नसता तर हा बदल अंतराळाचा की वयाचा, हे सांगणं अवघड झालं असतं. मार्क पुढे ॲरिझोनाचे सिनेटर झाले.

आणि आता तर निवृत्तीनंतर पुन्हा वर जायचीही सोय झाली आहे. खासगी मोहीम अंतराळ स्थानकावर न्यायची तर तिचं नेतृत्व अनुभवी माजी अंतराळवीराकडेच हवं, असा नासाचा नियम आहे. त्यामुळे ॲक्सिऑमसारख्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. जून 2025 मध्ये आपले शुभांशू शुक्ला ज्या ॲक्सिऑम-4 मधून गेले, तिच्या कमांडर पेगी व्हिटसन 2018 मध्येच नासातून निवृत्त झालेल्या. अंतराळात त्यांचे एकूण 695 दिवस झाले आहेत. त्यातले सुमारे 30 निवृत्तीनंतरचे.