गिटार अ‍ॅम्पच्या संकेतसाखळीतील डिलेचे स्थान

डिले म्हणजे आलेला ध्वनिसंकेत काही मिलिसेकंद राखून ठेवून मूळ स्वराच्या मागून एकदा किंवा अनेकदा पुन्हा ऐकवणारे उपकरण. विद्युत गिटारपासून स्पीकरपर्यंत संकेत ज्या उपकरणांतून जातो त्या साखळीत ते मुख्यतः दोन ठिकाणी जोडले जाते : गिटार आणि अ‍ॅम्पचे इनपुट यांच्या मध्ये, किंवा प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प (पहिला संकेताला आकार देतो, दुसरा त्याला स्पीकर चालवण्याइतकी शक्ती देतो) या दोन टप्प्यांच्या मध्ये असलेल्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे बाहेरची उपकरणे जोडण्याच्या वाटेत. यांपैकी कोणती जागा सोयीची, हे डिलेच्या जातीपेक्षा साखळीत डिस्टॉर्शन (स्वराला खरखर आणणारी विकृती) कुठे निर्माण होते यावर ठरते.

अ‍ॅम्प पूर्णपणे क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजत असेल, तर त्याचे सर्व टप्पे जवळपास रेषीय असतात, म्हणजे आत येणारा संकेत जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने बाहेर पडणाराही वाढतो, आणि रेषीय टप्प्यांचा क्रम बदलल्याने अंतिम ध्वनी बदलत नाही. अशा वेळी डिले इनपुटआधी असो वा लूपमध्ये, कानाला फारसा फरक कळत नाही. डिस्टॉर्शन मात्र रेषीय नसते. ते ठरावीक मर्यादेवरील तरंगाचे माथे छाटते, त्यामुळे मोठा आणि लहान संकेत जवळपास सारख्याच आवाजात बाहेर पडतात. समजा, प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याच्या निम्म्या तरंगउंचीचा, म्हणजे ६ डेसिबलने कमी आहे आणि प्रीअ‍ॅम्पमधील छाटणी मूळ स्वराच्या २० डेसिबल खालूनच सुरू होते. डिले प्रीअ‍ॅम्पच्या आधी असल्यास ६, १२ आणि १८ डेसिबलने उतरलेले पहिले तीनही प्रतिध्वनी मर्यादेच्या वरच राहतात आणि जवळपास सारख्याच जोराने, सारख्याच खरखरीत ऐकू येतात; चौथा मात्र मर्यादेखाली गेल्यामुळे एकदम स्वच्छ होतो. त्यातच वादकाने पुढचा स्वर छेडला, तर जुना प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्रच छाटले जातात, त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मुळात न वाजवलेले स्वर उमटतात आणि बदलत्या कॉर्डचा सरळ चिखल होतो. शिवाय जोरदार नवा स्वर दुबळ्या प्रतिध्वनीला दाबून टाकतो. वादक थांबला की प्रतिध्वनी पुन्हा वर येतो.

इफेक्ट्स लूपमध्ये डिलेला आधीच डिस्टॉर्ट झालेला संकेत मिळतो. त्याच्या प्रती पुन्हा छाटल्या जात नाहीत, म्हणून त्या क्रमाने विरत जातात आणि मूळ वादन स्पष्ट राहते. प्रीअ‍ॅम्पमधून जास्त गेन (संकेताची वाढ) घेणाऱ्या वादकांची पसंती बहुधा या जागेला असते, ती याच कारणाने.

तरीही इनपुटआधीची जागा चुकीची म्हणता येत नाही. १९५० च्या दशकातील टेप इको (चुंबकीय फितीवर प्रतिध्वनी बनवणाऱ्या) यंत्रांच्या काळात इफेक्ट्स लूपची सोयच नव्हती, त्यामुळे इको थेट अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडला जाई आणि त्या काळाच्या ध्वनीची ओळख त्यातूनच घडली. यू-टू या बँडमधील दी एज याने व्हॉक्स एसी-३० सारख्या किंचित डिस्टॉर्ट होणाऱ्या अ‍ॅम्पच्या पुढे डिले ठेवूनच आपली लयबद्ध शैली उभी केली. क्वीनच्या ब्रायन मे याने उलट वाट धरली : प्रत्येक प्रतिध्वनी त्याने स्वतंत्र अ‍ॅम्पमध्ये सोडला, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा डिस्टॉर्ट होतो आणि एकमेकांत मिसळून बिघडत नाही.

लूप वापरताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे पातळी : काही लूपमधील संकेत गिटारच्या संकेतापेक्षा बराच जोरकस, लाइन पातळीचा असतो आणि गिटारसाठी बनवलेले पेडल (पायाने चालवायचे उपकरण) तो पेलू शकत नाही. दुसरी म्हणजे लूपची रचना. सीरिज लूपमध्ये सगळा संकेत पेडलमधून जातो, त्यामुळे मूळ आणि प्रतिध्वनी यांचे प्रमाण पेडलवर ठरते. पॅरलल लूपमध्ये मूळ संकेत आतून स्वतंत्रपणे जात असल्याने पेडलचे मिक्स पूर्ण वेटवर, म्हणजे फक्त प्रतिध्वनीवर, ठेवावे लागते. हे न केल्यास मूळ संकेत दोन वाटांनी येतो आणि डिजिटल पेडलमध्ये होणाऱ्या सूक्ष्म विलंबामुळे आवाज पोकळ होऊ शकतो.

लूप हा सर्व अडचणींवरचा इलाज नाही. मास्टर व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्पनंतरचे आवाजाचे नियंत्रण) नसलेल्या जुन्या धर्तीच्या अ‍ॅम्पमध्ये बरेचसे डिस्टॉर्शन पॉवर अ‍ॅम्पमध्येच होते, म्हणजे लूपच्या नंतर. तिथे डिले लूपमध्ये ठेवला तरी प्रतिध्वनी छाटले जातातच. याउलट डिस्टॉर्शन पेडलमधून आणि अ‍ॅम्प क्लीन असेल, तर त्या पेडलच्या नंतर आणि अ‍ॅम्पच्या इनपुटआधी ठेवलेला डिले लूपइतकेच काम देतो. डिले आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारा परिणाम) यांच्या क्रमाबद्दलची चर्चा मात्र बऱ्याचदा गरजेपेक्षा लांबते : दोन्ही परिणाम मोनो (एकाच वाहिनीचे), मॉड्युलेशनविरहित (स्वर न डोलवणारे) आणि रेषीय असतील, तर क्रमाने काहीच बदलत नाही. व्हॉल्यूम पेडलची गोष्ट वेगळी आहे. ते डिलेच्या आधी असल्यास आवाज मिटवल्यावरही प्रतिध्वनी घुमत राहतात, नंतर असल्यास तेही सोबत मिटतात.

ध्वनिमुद्रणात डिले अनेकदा मायक्रोफोननंतर, मिक्सिंगच्या वेळी दिला जातो. तिथे पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचे डिस्टॉर्शनही होऊन गेलेले असते. रंगमंचावर हाच परिणाम साधण्यासाठी काही वादक मुख्य अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून उतरवलेला संकेत डिलेला देतात आणि फक्त प्रतिध्वनी दोन्ही बाजूंच्या स्वतंत्र, क्लीन पॉवर अ‍ॅम्पवर ऐकवतात. मधल्या मुख्य अ‍ॅम्पमधून कोरडा मूळ आवाज येत राहतो.