परदेशी पाहुण्यांना पहिल्यांदा देवळात नेताना

सूनबाईंचे आईवडील, मुलाच्या कंपनीतले सहकारी, लेकीची विद्यापीठातली मैत्रीण आणि तिची मुलं. अशा पाहुण्यांना देवळं दाखवायचं काम आमच्यावर सोपवणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या सगळ्यांनी वाचावं.

पहिलं देऊळ नावाजलेलं असावं असं बहुतेक यजमानांना वाटतं. आमचा आग्रह उलटा असतो. मंगळवारी सिद्धिविनायकाला नेलं तर वेळ रांगेत जातो आणि गाभाऱ्यासमोर 'चला, पुढे चला' ऐकत दर्शन क्षणात उरकतं. भाविकाला तो क्षण पुरतो, पण ज्याला समोर काय चाललंय हेच माहीत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सिन्नरचं गोंदेश्वर पाहा. यादवकाळातलं पंचायतन (मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं), मोकळं आवार, मुलांना फिरायला जागा आणि पूजाही चालू. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख आहे. तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, ते मुलांना फार आवडतं. साधा वार, सकाळची वेळ, एवढं जमवा. मोठी क्षेत्रं नंतर करता येतात.

प्रवेशाचं मात्र आधी विचारून घ्या. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात आणि केरळातल्या गुरुवायूरला बिगरहिंदूंना आत सोडत नाहीत. तिरुमलाला, म्हणजे तिरुपती बालाजीला, बिगरहिंदूंकडून श्रद्धेचं निवेदन लिहून घेतात. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू (कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र) नेसावं लागतं. आपल्या त्र्यंबकेश्वरलाही फक्त हिंदूंना प्रवेश असल्याचा फलक आहे. दारातून परत फिरणं पाहुण्यांना लागतं, आणि यजमानांना त्याहून जास्त.

स्वस्तिकाबद्दल घरूनच बोलून निघा. पाश्चात्त्य देशांतून, विशेषतः जर्मनीतून आलेल्यांना किंवा ज्यू कुटुंबांना, उंबरठ्यावर ते चिन्ह अचानक दिसलं की धस्स होतं. नाझी पक्षाने ते १९२० साली आपलं चिन्ह केलं. आपल्याकडे ते कित्येक शतकं आधीपासून शुभ मानतात. हे शांतपणे सांगा, पण त्यांची अस्वस्थता खोडून काढू नका. ती खऱ्या इतिहासातून आलेली आहे.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत. सिद्धिविनायक न्यासाने २०२५च्या जानेवारीत तसा नियमच जाहीर केला. चपला सहज काढता येतील अशा घाला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दगडी फरशी पाय भाजते, म्हणून जाडसर मोजे जवळ ठेवा. जेजुरीला जायचं असेल तर पांढरे कपडे नकोत, भंडाऱ्याचा पिवळा रंग निघत नाही.

आत गेल्यावर सगळं एका दमात सांगू नका. कासव, नंदी, घंटा, पिंडी, ज्याबद्दल मुलं विचारतील तिथून सुरुवात करा. प्रदक्षिणा देवाला उजव्या हाताला ठेवून घालतात. शंकराच्या देवळात मात्र अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती रेषा ओलांडायची नाही, तिथून उलट फिरायचं. असं का, हा प्रश्न हमखास येतो. येऊ द्या, पुजारी बहुतेक वेळा आनंदाने उत्तर देतात. गाभाऱ्यात फोटो नकोत.

आरतीच्या वेळी लहान मुलांना नगाऱ्यापासून लांब उभं करा आणि 'आता खूप आवाज होईल' हे आधीच सांगा. निरांजनाचं ताट आलं की हात कसा फिरवायचा ते तुमचं पाहूनच ते करतील.

तीर्थ-प्रसादाच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असा डॉक्टरांचा सल्ला असतो, म्हणून बाळाच्या ओठांना बोटही लावायचं नाही. प्रसादात काजू किंवा शेंगदाणे असू शकतात, आणि काही मुलांना त्यांची ॲलर्जी जिवावर बेतणारी असते. अशा वेळी प्रसाद दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाला लावावा आणि घरच्या कुणाकडे द्यावा. त्यात अपमान काही नाही.

आणि सगळ्यात कळकळीचं. हात जोडायचे की नाही, कुंकू लावून घ्यायचं की नाही, हे पाहुण्यांना ठरवू द्या. कुणाचा स्वतःचा धर्म आड येतो, कुणी धर्मच मानत नाही. 'फक्त फोटोसाठी तरी नमस्कार करा' असं म्हणून त्यांना अडचणीत टाकू नका. सभामंडपात एका बाजूला शांत बसणारा पाहुणाही देवाच्या दारी आलेलाच असतो. पुजाऱ्यांनी दक्षिणेची थाळी पुढे केली तर ती ऐच्छिक आहे हे पाहुण्यांच्या कानावर आधीच घाला.

दिवस ठरवताना मुलांची वयं, कुणाला पायऱ्या चढायला त्रास होत असेल तर ते, खाण्यातली ॲलर्जी आणि पाहुण्यांना कळणारी भाषा आम्हाला कळवा. त्यावरून देऊळ आणि वेळ सुचवता येते.