डबा बदलला की नेम का बदलतो?

"रायफल एकदा झिरो करून, म्हणजे तिचा नेम जुळवून घेतली की मग काडतूस कुठलंही घाला, काय फरक पडतो?" हा प्रश्न आमच्या खान्देशात कुणी विचारला की मला गंमत वाटते. भुसावळपासून जवळच वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथे रायफलीची काडतुसं तयार होतात. अशा जिल्ह्यात तरी काडतुसाला इतकं स्वस्तात सोडू नये! 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यावर नेमबाजीची चर्चा वाढली, पण ती सगळी रायफलीची, जाकिटाची आणि एकाग्रतेची. काडतुसाबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

आधी सोपा हिशोब करू. कुसाळे ज्या प्रकारात खेळला त्यात पॉइंट टू टू, म्हणजे सुमारे 0.22 इंच व्यासाच्या गोळीचं काडतूस वापरतात. शिशाची गोळी, वजन जेमतेम अडीच ग्रॅम, वर मेणचट वंगणाचा हात. सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने ती निघते. 50 मीटर जायला साधारण 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला 12 सेंटीमीटरच्या आसपास खाली ओढतं. झिरो करणं म्हणजे ही घसरण आधीच हिशोबात धरून नळी किंचित वर रोखणं. आता दुसऱ्या डब्यातली गोळी सेकंदाला फक्त 10 मीटरने मंद निघाली तर? ती आणखी 7-8 मिलिमीटर खाली लागते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे 10.4 मिलिमीटर. म्हणजे नेम तोच, श्वास तोच, आणि दहाच्या कडेला टेकायची मारामार.

पण मंद गोळी नेहमी खालीच लागते असं नाही. कधी वर लागते, कधी चक्क डावीकडे. इथे गुरुत्वाकर्षणाचा हिशोब संपतो आणि मला आवडणारा भाग सुरू होतो.

रायफलीची नळी एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. घोडा ओढल्यावर आतली पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, दारू पेटते, दाब वाढतो, धक्का मागे जातो आणि सगळी नळी थरथरू लागते. गोळी अजून आतच असते. पॉइंट टू टू मध्ये तिला तोंडापर्यंत यायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात नळीचं तोंड वर-खाली, थोडं आडवंही हलत असतं. ज्वारीच्या शेतात राखण करताना गोफण फिरवलेल्या माणसाला हे सांगायला नको: दगड कुठे जाणार हे जोरापेक्षा दोरी कुठल्या क्षणी सोडली त्यावर ठरतं. गोळी तोंडातून सुटते तो क्षण असाच असतो, फक्त तो आपण निवडत नाही, काडतूस निवडतं. दारू बदलली, गोळीचं वजन बदललं, की सुटण्याचा क्षण पुढे-मागे होतो आणि त्या वेळी तोंड वेगळ्याच दिशेला पाहत असतं.

किती वेगळ्या? साधारण 65 सेंटीमीटरच्या नळीचं तोंड एक दशांश मिलिमीटरने वर झुकलं, तर 50 मीटरवर गोळी 7-8 मिलिमीटर वर लागते. हा आकडा वर येऊन गेलाय. आता समजा गोळी सुटताना तोंड वरच्या दिशेने चाललेलं आहे. वेगवान गोळी लवकर बाहेर पडेल, थोड्या खालच्या कोनात. मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, पण तोवर तोंड आणखी उचललेलं असेल. वेग कमी म्हणून जेवढी घसरायची तेवढं कोनाने भरून निघालं, की दोन्ही गोळ्या एकाच भोकात! याला भरपाई म्हणतात. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं असलेली थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्ड लांबच्या पल्ल्यावर यासाठीच नावाजलेली होती. उलट, तोंड खाली येत असताना गोळी सुटली तर मंद गोळीचं दुहेरी नुकसान होतं आणि ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, उभा ताणला जातो. त्यातही नळी एकाच प्रकारे कंप पावत नाही. मूळ कंपनावर दुसऱ्या, तिसऱ्या प्रकारची जलद कंपनं स्वार असतात, आणि खरं महत्त्व तोंड किती सरकलं याला नसून त्या क्षणी तिथला उतार किती होता याला असतं. म्हणून शेजारी-शेजारी तयार झालेल्या दोन रायफलींनाही एकच काडतूस मानवेल याची खात्री नाही.

यूट्यूबवर "जगातलं सर्वात अचूक काडतूस" सांगणाऱ्यांना म्हणूनच विचारावं, कुठल्या नळीत? एली, लापुआ यांसारख्या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या नेमबाजाची रायफल शिकंज्यात आवळून तिच्यातून वेगवेगळे लॉट, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या काडतुसांचे गट, मारून बघतात. एकाच नावाच्या काडतुसाचे दोन लॉटही वेगळे वागतात. आपल्याकडे मात्र "हा डबा मला लाभतो" म्हणणारे आहेत. लाभतो ते खरं, पण ग्रहांमुळे नव्हे, लॉट नंबरमुळे. दसऱ्याला रायफलीला हळद-कुंकू खुशाल लावा, नळीच्या तोंडात गेलं नाही म्हणजे मिळवलं.

ब्रँड बदलल्यावर पहिल्या काही गोळ्यांवरून निकाल लावू नये, हेही खरं. नळीत जुन्या वंगणाचा थर असतो, नवा बसेपर्यंत गोळ्या भरकटतात.

उरला आपला उन्हाळा. दारू तापली की दाब आणि वेग वाढतो. मे महिन्यात जळगावात 45 अंशांना झिरो केलेली रायफल डिसेंबरच्या 10 अंशांच्या सकाळी बहुधा खाली मारते. आवाजाचा वेगही बदलतो, 10 अंशांना सेकंदाला सुमारे 337 मीटर, 45 अंशांना 358. जास्त वेगाची म्हणून विकली जाणारी पॉइंट टू टू काडतुसं 380 च्या आसपास निघतात, वाटेत आवाजाच्या वेगाखाली येतात आणि त्या उंबरठ्यावर गोळी डळमळते. स्पर्धेची काडतुसं मुद्दामच पहिल्यापासून त्या वेगाच्या खाली ठेवलेली असतात, आणि तीच महाग असतात. जास्त वेगाचा डबा स्वस्तात मिळतो, आवाजही मोठा करतो, म्हणून गिऱ्हाईक तोच उचलतं.