पटसंख्या (खानदेशातील ग्रामीण शाळा)

शाळेच्या पटावर नाव असलेल्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या म्हणजे पटसंख्या होय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आहेत. सातपुड्यातील अनेक मुले मात्र आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत राहून शिकतात.

पटाची सामाजिक घडण तालुक्यागणिक बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगावात सुमारे १४ टक्के होते. अक्राणी व अक्कलकुव्यात भिल्ल व पावरा, नवापुरात मावची व कोकणी, तर यावल-रावेरकडे तडवी भिल्ल कुटुंबांतील मुले शाळेत येतात. पहिलीत बसणाऱ्या मुलाची घरची बोली अहिराणी, पावरी किंवा मावची असते आणि पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला बहुधा शाळेतच प्रथम भेटते. पटाच्या आकड्यात ही गोष्ट उमटत नाही.

शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. परंतु दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात, आणि सप्टेंबरात भरलेला वर्ग हिवाळ्यात विरळ होतो. मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तरीही येथील पट वाचताना ऋतू विसरून चालत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीने बोगस नावे उघडकीस आणली, हे आवश्यकच होते. मात्र स्थलांतरित मुलाचे रिकामे आसन आणि खोटे नाव या दोन वेगळ्या बाबी आहेत.

सपाटीवरील गावांत पट घटण्यामागे कमी झालेले जन्मप्रमाण आणि तालुक्याच्या गावी नेणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या ही कारणे दिसतात. डोंगरात कारण निराळे आहे: पाडे विखुरलेले असल्याने प्रत्येक शाळेच्या वाट्याला मुळातच थोडी मुले येतात. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी अशा अनेक शाळांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या समूहशाळा उभारण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळचे उदाहरण पुढे करण्यात आले. तोरणमाळला निवासाची सोय आहे. ती नसेल तेथे पहिलीतल्या मुलाला नाले आणि घाट ओलांडून दुसऱ्या पाड्यावर जावे लागेल, आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते.